चौदाव्या दिवसाचा डोस

हेमंत मोकाशी आणि मी नऊ वर्षं एकाच बिछान्यावर झोपलो. यात भुवया उंचावण्यासारखं काही नाही. ते त्या बिछान्यावर असायचे तेव्हा मी अलिबागला माझ्या घरी असायचे, आणि मी असायचे तेव्हा ते चिपळूणला. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर आत, समुद्रात चार पायांवर उभ्या असलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर केमिस्टची जागा एकच. खोली एक, टेबल एक, मायक्रोस्कोप एक. चौदा दिवस एकाने राबायचं, पुढचे चौदा दुसऱ्याने. अशा जोडीदाराला आमच्याकडे रिलीव्हर म्हणतात.

रिलीव्हरची ओळख मोठी चमत्कारिक असते. मोकाशी सर चहात किती साखर घालतात, वैतागले की पेन्सिलीचं टोक कसं कुरतडतात, हे मला त्यांच्या बायकोइतकंच ठाऊक होतं. पण माणूस समोर दिसायचा तो चौदा दिवसांतून एकदा, पाऊण तास. हेलिकॉप्टर मला उतरवून शेजारच्या प्लॅटफॉर्मवर जाई आणि परत येऊन त्यांना उचलून नेई, तेवढ्यात चार्ज द्यायचा-घ्यायचा. मी विचारायचे, "काय विशेष?" ते म्हणायचे, "काही नाही. सगळं ठीक." पुढच्या खेपेला ते विचारायचे आणि मी म्हणायचे.

ते ठीक असावं म्हणून आम्ही दोघंही जिवाचं रान करायचो. आपली घाण रिलीव्हरच्या माथी मारायची नाही, हा आमचा न लिहिलेला नियम. जायच्या आदल्या दिवशी बाटल्या घासून ठेवायच्या, रसायनं भरून ठेवायची, तुंबलेले नळ मोकळे करायचे. मी ड्रॉवरमध्ये सुक्या जवळ्याची चटणी ठेवून जायचे, ते फणसपोळी. मी तांडेलांची मुलगी, चैताली; आमच्या घरात उसनी आणलेली होडीसुद्धा धुतल्याशिवाय परत देत नाहीत. ही सवय चांगलीच होती. तिनेच घात केला, म्हणून ती आधी सांगितली.

आता पाण्याचं सांगते. तेलाची विहीर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळं कारंजं येतं. म्हातारी विहीर पाहिलीत तर हिरमोड होईल. २०३८ साली आमच्या विहिरींतून शंभर बादल्या वर आल्या तर त्यातल्या ब्याण्णव पाण्याच्या असायच्या. लाखो वर्षं खडकात कोंडलेलं, समुद्राहून खारट, तेलाच्या बारीक थेंबांनी गढुळलेलं पाणी. पूर्वी ते बऱ्यापैकी साफ करून समुद्रात सोडत. मग नियम आला की समुद्रात एक थेंबही नको. उरला एकच मार्ग, जिथून आलं तिथेच परत पाठवायचं. हे पाणी दुसऱ्या विहिरीतून दाबाने खाली ढकललं की त्याची विल्हेवाटही लागते आणि खडकातलं उरलंसुरलं तेलही पुढे रेटलं जातं. अडचण एवढीच की खडकाची छिद्रं केसाहून बारीक. पाण्यात तेलाचे थेंब, गाळ किंवा जिवाणूंचा बुळबुळीत थर राहिला तर छिद्रं बुजतात आणि विहीर पाणी घेईनाशी होते.

यावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेने उपाय काढला, जिवंत चाळण. दोन मजली उंच पोलादी टाकी, आत वाटाण्याएवढे चिनीमातीचे कोट्यवधी मणी, आणि प्रत्येक मण्याच्या छिद्रांत मुद्दाम घडवलेले जिवाणू. त्यांचं जेवण म्हणजे तेल. गढूळ पाणी वरून झिरपत यायचं आणि खालून नळाच्या पाण्यासारखं नितळ निघायचं. रोज एकदा उलटी धुलाई करायची, म्हणजे साफ झालेलंच थोडं पाणी खालून वर सोडून मणी घुसळून काढायचे. शेजारी एक यंत्र बसवलेलं. दर दहा मिनिटांनी ते पाण्याचा थेंब घेई आणि त्यात तरंगणाऱ्या प्रत्येक जिवाणूचा डीएनए वाचून यादी देई. सगळ्यांच्या पापांची नोंद ठेवतो म्हणून आम्ही त्याला चित्रगुप्त म्हणायचो.

चित्रगुप्ताचा खास डोळा होता एका रानटी जातीवर. या जिवाणूंना हवा लागत नाही. खाऱ्या पाण्यातलं सल्फेट खाऊन ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्यांचा वास. वायू थोडा असेल तर वास येतो. जास्त असेल तर नाकच मरतं, आणि माणसाला वाटतं, चला, वायू गेला. त्याहून जास्त असेल तर काही श्वासांत माणूस आडवा होतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे हा वायू तळाशी दबा धरून बसतो. पूर्वी आम्ही त्या जिवाणूंना मारायला पाण्यात बायोसाइड सोडायचो, जालीम जंतुनाशक. जिवंत चाळण आल्यावर ते बंद झालं, कारण त्याने आपलेच पाळलेले जिवाणू मेले असते. बायोसाइडचे उरलेले कॅन खालच्या डेकवर ताडपत्रीखाली पडून राहिले. ते कुणी मोजत नव्हतं.

अठरा महिने चित्रगुप्ताने रानटी जिवाणूंपुढे शून्य लिहिलं. त्या शून्यांच्या जोरावर आमचा प्लॅटफॉर्म 'वायूमुक्त' ठरला. कमरेला लावायचे अलार्म आणि श्वसनाचे सेट वरच्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये गेले. कुणाला वाईट वाटलं नाही. चार किलोचं ओझं कोणाला हवं असतं?

आता माझा गुन्हा. चाळण सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात, माझ्या चौदाव्या दिवशी, चाळणीपुढच्या, म्हणजे साफ पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या नळातून बोटभर काळी शेंबडी चिकटी आली. चित्रगुप्त म्हणत होता शून्य. दुसऱ्या दिवशी मोकाशी सर येणार होते. त्यांनी नळ उघडावा आणि त्यांना ही घाण दिसावी? मी एक कॅन काढला आणि पाइपात ओतला. चाळणीच्या पुढे, तिच्या जिवाणूंना धक्का लागणार नाही अशा बेताने. सकाळी नळ लख्ख. रजिस्टरमध्ये अर्थातच काही लिहिलं नाही. नंतर ती रीतच झाली. दर चौदाव्या दिवशी एक कॅन. मनाला खात नव्हतं असं नाही, पण घर झाडून द्यावं तसं वाटायचं.

त्या गुरुवारी मला येऊन तीनच दिवस झाले होते. आमची चाळण इतकी यशस्वी ठरली होती की तिचे मणी विरजणासारखे आणखी अकरा प्लॅटफॉर्मना पाठवायचे होते. टाकी रिकामी केली होती, वरचे मणी नळीने ओढून पिंपांत भरले होते. तळाचा हातभर थर माणसाने आत उतरून फावड्याने काढायचा होता. ते काम पास्कल तुस्कानोचं. वसईचा माणूस, पाण्याच्या पंपांवर वीस वर्षं काढलेला, तोंडाने बडबड्या आणि हाताने चोख. नाश्त्याला तो माझ्यासमोर बसला.

"मॅडम, तुमची बाळं उद्या हेलिकॉप्टरने हिंडणार," तो म्हणाला. "अकरा गावं फिरणार. आणि मी वीस वर्षं हिते, मला कोणी दमणला पण नेलं नाही."

"तुला कशाला न्यायचं? तू तेल खातोस का?"

"फिलोमिनाला विचारा. भजी केली की म्हणते, अर्धी बाटली तूच पितोस."

दहाच्या सुमाराला उतरणार म्हणाला. परमिट झालं होतं, टाकीतली हवा तपासून झाली होती, सगळं शून्य. माझं काम फक्त मण्यांना दाखला देण्याचं होतं, की यांच्याबरोबर रानटी जिवाणू जात नाहीत.

चित्रगुप्ताच्या यादीवर सही करून मोकळी झाले असते तर कोणी बोललं नसतं. पण मी जुन्या वळणाची. चाळणीपुढच्या पाइपात आम्ही लोखंडाची बोटभर पट्टी अडकवून ठेवतो; तिला कूपन म्हणतात. बारा आठवडे ठेवायची, मग काढून बघायची की पाइप आतून किती गंजला असेल. त्या सकाळी योगायोगाने बारा आठवडे भरले होते. मी पट्टी काढून आणली.

पट्टीवर काळा, चामड्यासारखा थर होता. त्यावर पातळ आम्लाचा थेंब सोडला. फसफसलं आणि नाकात तो वास घुसला. वर धरलेला शिशाच्या क्षाराचा ओला कागद बघता बघता काळा झाला. सल्फाइड! अठरा महिने जे शून्य होतं ते माझ्या चिमट्यात होतं. चित्रगुप्त पाण्यात तरंगणारं वाचत होता. पाइपाच्या भिंतीला चिकटून बसलेलं त्याला दिसतच नव्हतं.

थराचा एक तुकडा ब्लेडने उभा कापून मायक्रोस्कोपखाली घातला. त्यात पट्टे होते. फिक्कट, काळा, फिक्कट, काळा. फिक्कट पट्टा म्हणजे मेलेल्या जिवाणूंची सालं, काळा म्हणजे त्या सालांच्या आडोशाला जगून पुन्हा वाढलेले. प्रत्येक डोसाला वरचे मेले, खालचे तगले, आणि जे तगले ते अधिक चिवट निघाले. कायम डोस असता तर सगळे मेले असते. डोसच नसता तर ते वाढून सुटत गेले असते, पाण्यात मोकळे तरंगले असते आणि चित्रगुप्ताने महिन्या-दोन महिन्यांत बोंब मारली असती. ठरावीक दिवसांनी थोडं थोडं मारून कोणीतरी त्यांना पोसलं होतं, आणि भिंतीला चिकटून लपायला शिकवलं होतं.

फिक्कट पट्टे मोजले. सहा.

बारा आठवडे म्हणजे सहा चौदावे दिवस. त्यातले तीन माझे. मी पुन्हा मोजले. सहाच. बाकीचे तीन कोणाचे, हे कळायला क्षणही लागला नाही. या लाइनीजवळ दुसरा केमिस्ट कोण होता? मोकाशी सर! तेही त्यांच्या चौदाव्या दिवशी माझ्यासाठी नळ लख्ख करून जात होते, आणि रजिस्टरमध्ये लिहीत होते, सगळं ठीक.

आणि त्याच क्षणी मला दुसरीही गोष्ट कळली. ती मला उशिरा कळली असं मी म्हणणार नाही. उलट्या धुलाईचं पाणी याच पाइपातून येत होतं. म्हणजे ही काळी चिकटी रोज थोडी थोडी टाकीच्या तळाशी जात होती. मण्यांच्या खाली, जिथे हवा नाही. वरून हवा तपासली तर शून्यच येणार. फावडं घातलं की ती फुटणार आणि कोंडलेला वायू सुटणार. भिंतीवरच्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते.

टेबलावर फोन होता. कंट्रोल रूमचा नंबर दोन आकडी, एक-नऊ. "टाकी थांबवा", एवढं म्हणायचं होतं. पण त्यावर पहिला प्रश्न आला असता, का? आणि उत्तर रजिस्टरमध्ये जाणार होतं. मोकाशी सर तीस तारखेला रिटायर होणार होते. सदतीस वर्षांच्या नोकरीवर एक डाग नाही. त्यांना न सांगता त्यांचं नाव घ्यायचं? पास्कल दहाला म्हटला की सव्वादहाला उतरतो, हे मला माहीत होतं. दोन मिनिटं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि माझा मोबाइल उचलून चिपळूणला लावला.

"सर, तुम्ही चौदाव्या दिवशी बायोसाइड सोडायचात का?"

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"कोणी सांगितलं तुला?"

"कूपनने. सहा पट्टे आहेत. तीन माझे."

"तुझे?" ते थबकले. "अगं, म्हणजे तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

आणि मोकाशी सर हसले. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. "आणि मी आपला बायकोला सांगतो, ही चैताली नशीबवान, हिच्या हाताला लाइन कशी स्वच्छ राहते बघ!" मलाही हसू आलं. मी म्हटलं, "आणि मी समजत होते की तुमच्या हाताला यश आहे." आम्ही दोघंही हसत होतो. लिहिताना आजही मला त्या हसण्याची लाज वाटते.

मग त्यांचा आवाज उतरला. "हे कागदावर यायला नको गं. निदान तीस तारखेपर्यंत."

"पण मण्यांना दाखला देता येणार नाही."

"नको देऊस. लिही, 'नमुना संशयास्पद'. पुढे, 'फेरतपासणी आवश्यक'. डोसचा उल्लेख कशाला?"

"'संशयास्पद' म्हटलं तर कारण विचारतील."

"मग 'अनिर्णित' लिही. तो शब्द चांगला आहे. त्यात कोणाकडे बोट जात नाही."

आम्ही त्या एका वाक्यावर बसलो. 'कूपनवर थर आढळला' की 'आढळल्यासारखा वाटला'? नऊ वर्षांत आम्ही इतका वेळ कधी बोललो नव्हतो. सरकारी नोकरीत मुरलेली दोन माणसं एक वाक्य घासूनपुसून गुळगुळीत करत होती, आणि माझी नजर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जाऊन परत येत होती.

"बरं, टाकी कधी उघडतायत?" सरांनी मधेच विचारलं.

"आज."

"आज कधी?"

"आत्ता. पास्कल उतरणार आहे."

ते ओरडले. एवढ्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मग माझ्याशी काय बोलत बसलीस? थांबव त्याला!"

दहा वाजून सात मिनिटांनी मी एक-नऊ फिरवला. "टाकीचं काम थांबवा. पास्कलला वर काढा."

"मॅडम, तो गेला की आत," कंट्रोल रूममधला माणूस म्हणाला. "दोन मिनिटं झाली."

मी धावले. तीन जिने खाली, जाळीच्या पायवाटेवरून टाकीच्या माथ्यापर्यंत. तोंडाशी दोरी धरून बसलेला माणूस निवांत होता. त्याच्या शेजारी वायूमापक टांगलेला, त्यावर हिरवा दिवा. मी त्याला विचारलं, "आवाज येतोय का त्याचा?"

"आत्तापर्यंत फावडं वाजत होतं. दमला असेल."

मी बॅटरी मारली. खाली, काळ्या मण्यांवर, पास्कल पालथा पडला होता. दोरीचा हूक शिडीला लटकत होता. फावड्यात गुंतते म्हणून त्याने सोडून ठेवला असणार. दोरीवाला "पास्कल!" म्हणत शिडीवर पाय टाकायला निघाला. मी त्याला कॉलर धरून मागे खेचलं आणि त्याच्या अंगावर बसले म्हटलं तरी चालेल. अशा टाकीत पहिल्याला काढायला गेलेला दुसराही मरतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तो मला शिव्या घालत होता. "सोडा मला, मरेल तो!" मी सोडलं नाही. श्वसनाचे सेट वरच्या मजल्यावरून यायचे होते. पूर्वी ते टाकीपासून दहा पावलांवर असत. ते यायला पाच मिनिटं लागली, घालायला एक. त्या सहा मिनिटांत मी बॅटरीचा झोत त्याच्या पाठीवरून हलवला नाही. पाठ हलते का बघत होते. हलत होती की माझा हात हलत होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याला वर काढलं तेव्हा ओठ निळे होते, पण श्वास होता. नंतर लांब नळी सोडून तळाची हवा तपासली. दहा लाख भागांत सहाशेच्या वर वायू, माणूस आडवा करायला पुरेसा. तोंडाशी शून्य.

हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. विरजणाची पिंपं तिथेच राहिली. अकरा प्लॅटफॉर्मपैकी एकालाही ती गेली नाहीत. संध्याकाळी आमचे मॅनेजर खर्डेकर साहेब माझ्या खोलीत आले. कोल्हापूरचे, मनाने मोठे. त्यांनी दोन कप चहा स्वतः आणला आणि चौकशीचा कागद टेबलावर ठेवला.

"मोकाशींचा फोन आला होता," ते म्हणाले. "त्यांनी सगळं कबूल केलंय. पट्टीवरचे सहाही डोस माझेच, म्हणाले. चार्जच्या दिवशी आपण होतोच, तुमच्या वाटचेही आपणच सोडले, असं सांगितलं. तुमचा त्यात काही संबंध नाही."

मी चहाचा कप जवळ ओढला.

"आणि हे बघा, इथं एक रकाना आहे. 'धोक्याची माहिती प्रथम केव्हा मिळाली'. तुम्ही दहा सातला फोन केलाय. तर दहा पाच लिवा. दोन मिनिटं धावपळीची. कोण बघतंय? तुम्ही त्या दुसऱ्या पोराचा जीव वाचवला, ते कुणी विसरणार न्हाई. उगं तुमच्यावर बोट कशाला यावं?"

किती माया होती त्या बोलण्यात! मोकाशी सरांनी मला झाकलं होतं, खर्डेकर मला झाकत होते, आणि मी खूप दमले होते. मला घरी जायचं होतं, नोकरीही हवी होती. मी पेन घेतलं आणि १०.०५ लिहिलं. खाली सही केली.

पास्कल वाचला. म्हणजे मेला नाही. दोन महिन्यांनी मी वसईला त्याच्या घरी गेले. अंगणात केळीची बाग, ओटीवर आरामखुर्ची, त्यात पास्कल. उठताना फिलोमिनाने त्याला काखेत धरलं. उजवा हात थरथरत होता. त्याहून वाईट म्हणजे त्याचे शब्द हरवले होते. बोलता बोलता तो थांबायचा आणि समोर बघत शब्द शोधायचा. 'फावडं' म्हणायला त्याला हाताने खणून दाखवावं लागलं. हाच माणूस नाश्त्याला मला बोलू देत नसे.

फिलोमिनाने चहा आणि घरचा केक ठेवला. "मॅडम, तुमचं नाव मी रोज प्रार्थनेत घेते," ती म्हणाली. "तुम्ही धावत आलात म्हणून हा आज हिते बसलाय."

पास्कलने मान हलवली. चौकशीच्या अहवालाची प्रत त्याच्या मांडीवर होती. ती त्याला कायद्यानेच मिळाली होती. त्याने थरथरत्या बोटाने एक ओळ दाखवली.

"दहा... पाच," तो म्हणाला. "तुम्हाला कळलं दहा पाच. मी उतरलो दहा पाच." तो थांबला, शब्द शोधला, सापडला तसा हसला. "नशीब. तुमची काय चूक? रडू नका."

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. तो माझी समजूत घालत होता. हरवलेल्या शब्दांतून एकेक शोधून माझ्यासाठी आणत होता. शिव्या दिल्या असत्या तर मी केक खाऊन, हात जोडून घरी गेले असते.

"नऊ पन्नासला कळलं मला," मी म्हटलं.

त्याला आधी उमगलं नाही. फिलोमिनाचा हात कपावर थांबला.

"मी आधी मोकाशी सरांना फोन केला. त्यांचं नाव कसं वाचवायचं ते आम्ही बोलत होतो. आणि माझं. तीन डोस माझे होते, पास्कल. तू उतरणार आहेस हे मला माहीत होतं."

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. ओठ हलत होते; हिशेब करत असावा. आधी त्याला असल्या हिशेबाला वेळ लागत नसे.

"पंधरा," तो शेवटी म्हणाला. "पंधरा मिनिटं होती."

"होती."

त्याने कागदाची घडी घातली. हात थरथरत होता म्हणून ती वाकडी झाली; ती मोडून त्याने पुन्हा घातली. फिलोमिना मदतीला वाकली, तर तिचा हात त्याने बाजूला केला.

"बरं केलं सांगितलं," तो म्हणाला. मग एकही शब्द न अडखळता म्हणाला, "आता जा मॅडम. परत येऊ नका."

मी उठले. फिलोमिना दारापर्यंत आली नाही. फाटकाबाहेर येऊन मी फोन काढला आणि खर्डेकर साहेबांना लावला. त्यांनी नेहमीच्या मायेने विचारलं, कशा आहात.

"साहेब, चौकशीचा कागद परत उघडावा लागेल," मी म्हटलं. "त्यात दोन आकडे खोटे आहेत. एक वेळेचा आणि एक मोकाशी सरांच्या डोसांचा. त्यांचे तीनच होते."